सईदाभाबीची बिजली

सईदाभाबी वाईट होती असं कुणी म्हणू नये. नाटे बंदरावर कुणाच्या घरात बाई अडली, कुणाची होडी यायला उशीर झाला, कुणाकडे मयत झालं, तर सगळ्यात आधी पदर खोचून पोचायची ती हीच. पण माणूस म्हटलं की पोटात एखादा कोपरा काळा असायचाच. भाबीचा तो कोपरा अयूबच्या नावाचा होता.

अयूब तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा हा सहा वर्षांचा शेंबडा पोर होता. सासूचे गुडघे तेव्हाच गेलेले, सासरा दर्यावर. पोराचं नाक पुसण्यापासून त्याला कान धरून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं हिच्या अंगावर पडलं, आणि हिने ते हसत घेतलं. पुढे अल्लाने तिची कूस काही उजवली नाही. नवरा मुझम्मिल मासेमारीच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा मुखत्यार, त्यामुळे घरात कमी आणि पाण्यावर जास्त. मग बाईची माया जायची कुठे? ती सगळी ह्या दिरावर सांडली. काट्याचा मासा तो खायला शिकला तो हिने काटे काढून भरवला म्हणून. आयटीआय करून एसी दुरुस्तीच्या कामावर कतारला गेला, तेव्हा सख्खी आई दोन दिवसांत सावरली, पण भाबीच्या घशाखाली कितीतरी दिवस घास उतरत नव्हता.

आखातातला माणूस सुट्टीवर आला की आमच्याकडे खोके उघडायचा एक सोहळाच असतो. दोरीने करकचून बांधलेले खोके माजघरात मांडायचे, शेजारपाजार गोळा व्हायचं, पोरं गुडघ्यांवर बसायची, आणि घरातल्या मोठ्या माणसाने सुरीने दोरी कापायची. पहिल्या खेपेला अयूबने ती सुरी आईला दिली नाही, भावाला दिली नाही, सरळ भाबीच्या हातात दिली. म्हणाला, तुझ्याशिवाय कोण कापणार? झालं, तेव्हापासून तो मान तिचा. खोक्यात सगळ्यांत वर, टॉवेलात गुंडाळलेली अत्तराची एक कुपी असायची. ती भाबीची. भाबी ते अत्तर जपून वापरायची, म्हणजे जवळजवळ वापरायचीच नाही. फक्त बायका आल्या की कपाट उघडं ठेवायची.

अठ्ठ्याण्णव साली अयूबचं लग्न झालं. समरीन रत्नागिरीच्या राजिवड्यातली, बारावी शिकलेली, हळू बोलणारी. गंमत म्हणजे मुलगी भाबीनेच पसंत केली होती. तीन पोरी नापसंत करून हिच्यावर बोट ठेवलं होतं. त्यामुळे बोलायची सोय नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

लग्नानंतर अयूब पुन्हा गेला आणि फोन येऊ लागले. आधी फोनवर 'भाबीला दे' असायचं, आता 'समरीन कुठाय' झालं. हे असंच व्हायचं असतं, हे काय भाबीला कळत नव्हतं? कळत होतं की. पण कळून पोटातली आग थोडीच विझते! ती समरीनशी कधी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती गोड बोलायची, ताट वाढायची, आणि समरीनने कालवण केलं की चव घेऊन नुसतं 'बरं झालंय' म्हणायची. ते 'बरं' ऐकून शहाण्या माणसाने उपाशी झोपावं.

आता मांजरांकडे येऊ. घरात दोन होत्या, सख्ख्या बहिणी. पडवीत जाळ्यांचा ढीग असायचा, त्यात जन्मल्या. काळी, कपाळावर पांढरा फराटा असलेली ती बिजली. दुधी रंगाची, सांडलेली साखर चाटायची ती शकरी. एका ताटलीत खायच्या, एकमेकींच्या अंगावर पाय टाकून चुलीपाशी झोपायच्या. एक उठली की दुसरी उठायची. समरीन घरात आल्यावर शकरीला तिच्या खोलीतल्या गादीची चटक लागली. दिवसभर चुलीपाशी, रात्री गादीवर. भाबीच्या मनाने त्याचीही नोंद घेतली. दीर गेला, मांजर गेलं. राहिली ती बिजली. बिजली मात्र त्या खोलीचा उंबरा ओलांडायची नाही, आणि भाबी ह्या गोष्टीचा अभिमान बाळगून होती.

दोन हजार एकच्या जानेवारीत अयूब दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला. भाबीने सकाळपासून माजघर झाडून ठेवलं होतं, सुरी धुऊन फळीवर ठेवली होती. गाडी आली, खोके उतरले, आणि उतरले ते थेट समरीनच्या खोलीत गेले. अयूब म्हणाला, भाबी, फार थकलोय, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी टँगचा डबा, दुधाची पावडर, बाम आणि एक साडी अशी भाबीची वाटणी आपोआप स्वयंपाकघरात येऊन पडली. दोरी कुणी कापली देव जाणे. अत्तराची कुपी त्यात नव्हती. भाबीने डब्याच्या मागे बघितलं, साडीची घडी उलगडून बघितली. नाहीच.

आणि मग दुपारी समरीन बाजूने गेली नि वास आला. ऊद. जाड, गोड, आखाती वास. माणूस निघून गेलं तरी मागे रेंगाळणारा. तो वास माजघरात यायचा, न्हाणीघराबाहेर यायचा, दोरीवर वाळणाऱ्या ओढणीला यायचा. भाबीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढंसं अत्तर ते, त्याचं काय मेलं! पण जे मागता येत नाही तेच माणसाला जास्त हवं असतं.

अयूब आल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसाची गोष्ट. भाबी मागल्या दारी बांगडे साफ करत बसली होती, बिजली मुंडक्यांची वाट बघत समोर बसलेली. समरीनच्या खोलीतून शकरी आळस देत आली, नेहमीसारखी बहिणीच्या अंगाला अंग घासायला गेली. बिजलीने नाक पुढे केलं. आणि काय झालं कोण जाणे, तिचे कान चपट झाले, शेपटी फुगली आणि घशातून असा आवाज निघाला की भाबीच्या हातातला बांगडा सुटला. पुढच्या क्षणी दोघींचा एक गोळा झाला. केस उडाले, पाण्याची बादली लवंडली. शकरी किंचाळत घरभर पळाली आणि समरीनच्या पलंगाखाली घुसली. जिच्या अंगावर पाय टाकून झोपायची तिच्या नरडीला बिजली लागली होती.

सगळे हबकले. भाबीही हबकली. पण खोटं कशाला बोला, हबकण्याच्या खाली तिला काहीतरी गार गार वाटलं. तिच्या मनात आलं, जनावराला बरोबर कळतं. आपलं कोण आणि तिकडचं कोण. त्या दिवशी बिजलीला एक अख्खा बांगडा मिळाला.

पुढचे दिवस म्हणजे घरात नुसता शिमगा. शकरी बाहेर आली की बिजली दबा धरून बसलेली. अयूबने काय केलं, तर शकरीच्या ओरखड्यांवर औषध लावलं आणि तिला कतारहून आणलेल्या शाम्पूने आंघोळ घातली, म्हणजे जखमा स्वच्छ राहतील. बिजली त्यानंतर आणखीनच चवताळली. सासू खाटेवरून म्हणाली, दोघींना एका टोपलीखाली कोंडा, आपसात मिटवतील, जावाजावा असंच मिटवतात. टोपली आणली, कोंडलं, आणि जे काही झालं त्यात टोपलीच्या कामट्या मोडल्या. मग सासूने नजर उतरवली, पाण्यावर दुआ फुंकून शिंपडली. पाणी दोघींच्या अंगावर पडलं आणि दोघी दोन दिशांना पळाल्या. तेवढाच काय तो गुण आला.

भाबीने ह्यात काही केलं नाही. हेच तिचं चुकलं. ती मांजरं ओळखणारी बाई, तिने मनावर घेतलं असतं तर आधीच छडा लागला असता. पण तिला छडा नको होता. तिच्या वतीने घरात कुणीतरी रागावत होतं, पंजे काढत होतं, आणि तिला स्वतःला एक शब्द उच्चारावा लागत नव्हता. ती बिजलीला मांडीवर घ्यायची आणि समरीनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, तुला सगळं कळतं गो माझे बाय.

असा महिना गेला, आणि समरीनला दिवस राहिले. हे भाबीला कळलं तेव्हा तिने सगळ्यात आधी साखर वाटली, आणि सगळ्यांत उशिरा झोपली. एका संध्याकाळी समरीन माजघरातून चालली होती, शकरी तिच्या पायांत घुटमळत होती. बिजलीने फळीवरून उडी घेतली ती शकरीवर, पण लागली समरीनच्या पोटरीला. तीन उभे ओरखडे. रक्त आलं. समरीन पडता पडता वाचली, दाराची चौकट हाताशी आली म्हणून.

अयूबने बायकोला सरकारी दवाखान्यात नेऊन सुई देऊन आणली, आणि येताच ओटीवर उभं राहून सांगितलं की बिजली ह्या घरात राहणार नाही. येत्या जुम्म्याची नमाज झाली की तो तिला टोपलीत घालून होडीने खाडीपार जैतापूरला सोडून येणार. आमच्याकडे नकोशा मांजराला असंच सोडतात. रस्त्याने कितीही लांब नेलं तरी मांजर परत येतं, पण मधे खाडीचं पाणी आलं की नाही येत. सासूने त्यावर आपला निवाडा दिला की मांजराला मारणं गुन्हा, सोडणं गुन्हा नाही, आणि जैतापूरच्या जेटीवर मासळीला काय तोटा. मुझम्मिल दर्यावर होता. तो असता तरी 'बघा तुम्ही' एवढंच म्हणाला असता.

भाबी तरी काय बोलणार? घरात पोटुशी म्हटल्यावर सगळ्यांची तोंडं बंद. ती चुलीपाशी बसली आणि बिजलीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. दोरी गेली, कुपी गेली, आता मांजर चाललं. उद्या पोर येईल, पोराला आई आहे, आजी आहे, आणि मी कोण? आज बिजली टोपलीत, उद्या मी कुठल्या टोपलीत? तिला समरीनचा इतका राग आला की डोळ्यांसमोर काळोखी आली. आणि त्या पोरीने तर तक्रारीचा शब्दही काढला नव्हता, त्याचाही राग आला.

जुम्म्याच्या सकाळी अयूब आंघोळ करून, पांढरा कुर्ता घालून स्वयंपाकघरात आला. किती दिवसांनी पाटावर बसला. भाबीने न विचारता घावन आणि नारळाचा रस पुढे केला. तो खाता खाता म्हणाला, रागावलीस होय? भाबी म्हणाली, मी कोण रागावणारी? मग त्याने खिशातून कुपी काढली. तिचा हात ओढून घेतला, लहानपणी ती त्याचा ओढायची तसा, आणि पालथ्या हातावर उदाच्या अत्तराची काडी फिरवली. "समरीनची आहे," तो म्हणाला, "पण तुला लावली तर ती काय म्हणणार नाही."

म्हणजे आठवण झाली ती अशी. दुसरीच्या कुपीतून. भाबीला ते लागलं, आणि तरीही सुखाने तिचं काळीज भरून आलं, बाईचं मन असं मेलं. अयूब नमाजेला गेला. ती हात नाकाशी नेऊन कितीतरी वेळ तशीच बसली. मग उठून तिने बिजलीसाठी कालचा तळलेला बांगडा काढला. जायच्या आधी पोटभर खाऊ दे. काटे काढून तुकडा बोटांत धरला आणि हात पुढे केला.

बिजली आली. नाक पुढे केलं. कान चपट झाले, शेपटी फुगली, घशातून तोच आवाज निघाला, आणि तिने भाबीच्या पालथ्या हातावर फटकन पंजा मारला. मग उडी मारून फळीवर चढली आणि तिथून भाबीकडे अशी बघू लागली की जणू ह्या बाईला आयुष्यात कधी पाहिलंच नाही.

भाबी हातावरचं रक्त बघत राहिली. आधी तिला रडू आलं. आणि मग रडता रडताच तिच्या डोक्यात लख्ख पडलं. बिजली तिच्या बाजूने कधी नव्हतीच. समरीन परकी की घरची, दोरी कुणी कापली, कुपी कुणाला मिळाली, ह्यातलं त्या जनावराला काय ठाऊक! तिला शकरीच्या अंगाला शकरीचा वास येत नव्हता, एवढंच. कुणीतरी भलतंच जनावर बहिणीचं तोंड घेऊन घरात शिरलंय असं तिला वाटत होतं. वर शाम्पू, वर औषध, प्रत्येक उपायाने शकरी आणखी परकी झाली. आणि आज भाबीही परकी झाली. इतके दिवस आपण एका मांजराला आपला वकील समजून बसलो होतो, ह्याची तिला अशी लाज वाटली की स्वयंपाकघरात कुणी नसतानाही तिने पदर तोंडावर ओढला.

पण मग शकरीला अत्तर लावलं कुणी? नमाज सुटायला फार वेळ नव्हता. भाबी उठली आणि अयूबच्या लग्नानंतर पहिल्यांदा समरीनच्या खोलीत गेली. समरीन पलंगावर पाय लांब करून बसली होती, पोटरीला पट्टी, बाजूला शकरी. भाबीने वाकून शकरीच्या मानेचा वास घेतला. शाम्पूच्याही खाली ऊद होताच.

"हिला अत्तर कुणी लावलं?" भाबीने विचारलं.

समरीनने शकरीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "मी."

"मांजराला? आणि ते कशाला गो?"

समरीनने खाली बघितलं. दोन वर्षांत ती ह्या घरात चढ्या आवाजात बोलली नव्हती, आताही बोलली नाही. "तिला तुमचा वास यायचा, भाबी. माझ्या उशाशी झोपायची आणि वास तुमच्या चुलीचा. ह्यांच्या शर्टाला तोच, ह्यांच्या बोटांना तोच. दोन वर्षांनी माणूस घरी येतो, मी केलेल्या कालवणाचा पहिला घास घेतो आणि विचारतो, आज भाबीने केलं नाही वाटतं? मी काय करू, तुम्हीच सांगा. एक खोली तरी माझी असावी म्हणून उशीला लावलं, पडद्याला लावलं. शकरी आली, तिलाही लावलं."

आता ह्यावर भाबीला काय वाटलं असेल? दया? नाही. आधी आनंद झाला. अगदी पोटातून, लबाड आनंद. ही पोरगी, गोरी, शिकलेली, पोटुशी, आणि ही माझ्यावर जळते! माझ्यावर! भाबीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं ते तिने मोठ्या कष्टाने गिळलं. आणि ते गिळताना तिला त्या पोरीची सगळी दोन वर्षं दिसली. नवरा समुद्रापार, घरात बोलायला कुणी नाही, कालवण चाखून कुणी 'बरं झालंय' म्हणतं. भाबी पलंगाच्या कडेला टेकली. आपला रक्ताळलेला हात तिने समरीनपुढे धरला. "बघ," ती म्हणाली. "तुझ्या अत्तराने मलाही ओळखेनाशी झाली ती."

समरीनने ओरखडा बघितला, वास घेतला, आणि तिलाही उमगलं. तिने झटकन ओढणीचं टोक पाण्यात बुडवून भाबीचा हात पुसायला घेतला. बोलण्यासारखं होतं ते बोलून झालं होतं.

अयूब नमाजेहून आला, टोपली आणि सुतळी घेऊन उभा राहिला. समरीन खोलीच्या दारात आली आणि म्हणाली की मांजर कुठे जायचं नाही, चूक तिची आहे, मांजराची नाही. अयूबने भाबीकडे बघितलं. भाबी खाली बघून तांदूळ निवडत होती. कालपर्यंत जिच्या पायी घर डोक्यावर घेतलं तिलाच आता ठेवायची, ह्या बायकांचं काय कळत नाही, असं पुटपुटत त्याने सुतळी खुंटीला टांगली. मात्र एक अट घातली. समरीनला पुन्हा नख लागलं तर तो कुणाचं ऐकणार नाही.

तेव्हा काम आता भाबीच्या हातात आलं, आणि ह्या वेळी तिने ते मनावर घेतलं. उदाचा वास धुऊन जात नाही, हे तर शाम्पूच्या आंघोळीने कळलं होतंच. मग तिने डोकं चालवलं. वास काढता येत नसेल तर वाटून टाकावा. तिने आपल्या जुन्या साडीचं एक फडकं घेतलं, त्याने शकरीला मानेपासून शेपटीपर्यंत पुसलं आणि तेच फडकं बिजलीच्या ताटलीखाली अंथरलं. बिजली फिसकारली, ताटलीकडे पाठ करून बसली. पण भूक कुणाला सुटलीय? दुसऱ्या दिवशी खाल्लं. मग तेच फडकं बिजलीच्या अंगावरून आणि ते तिकडे शकरीच्या गादीवर. हे काम एकीने होण्यातलं नव्हतं. इकडे भाबी, तिकडे समरीन, मधे खोलीचं दार बंद. दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या, आधी लांब, मग रोज थोड्या जवळ. फडकं दाराखालच्या फटीतून इकडून तिकडे जायचं आणि त्याबरोबर दोघींचं बोलणंही जायचं. खाल्लं का? खाल्लं. फिसकारली का? थोडी. समरीनने त्या दिवसांत अत्तर लावलं नाही. भाबीने ते बघितलं.

अयूबची सुट्टी संपायच्या आधी दार अर्धं उघडलं गेलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. शकरी घाबरून जमिनीला चिकटली. बिजली पुढे झाली, नाक पुढे केलं. बिजलीने वास घेतला, पुन्हा घेतला, आणि मग शकरीचं कपाळ चाटायला लागली. इतकी आडदांड भांडणारी, पण समेट करताना तिने पाच मिनिटंही लावली नाहीत. भाबीला वाटलं, हिला बरं जमतं. आपल्याला आत जायला दोन वर्षं लागली, आणि तेही हातावर ओरखडा घेऊन.

अयूब गेला. गाडी वळणाआड गेल्यावर दोघी रडल्या, भाबी मागल्या दारी आणि समरीन आपल्या खोलीत.

मे महिन्यातली एक दुपार. बाहेर ऊन रणरणत होतं. भाबीने जेवणं आटपून बिजलीला हाक मारली. आली नाही. चुलीपाशी नाही, पडवीत जाळ्यांवर नाही, विहिरीकडे नाही. शोधत शोधत ती समरीनच्या खोलीपाशी आली आणि दारातच थांबली. समरीन कुशीवर झोपली होती. तिच्या पोटाला टेकून शकरी, आणि शकरीच्या अंगावर पाय टाकून, डोळे मिटून, घशात घरघर करत बिजली. जी कधी उंबरा ओलांडत नव्हती ती. सगळ्यांत शेवटची जी भाबीची म्हणून उरली होती ती.

जळलं. सगळं समजून उमजूनही जळलं. स्वतःच्या हाताने फडकं फिरवून, स्वतःच दार उघडून तिने बिजलीला इथवर आणून पोचवलं होतं. न पोचवती तर खाडीपार गेली असती. वाचवली म्हणून गेली. ह्याला काय म्हणावं?

समरीनचे डोळे उघडले. तिने दारातल्या भाबीचा चेहरा बघितला. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता, तिने तो स्वतः कितीतरी दिवस वागवला होता. ती हळूच उठून बसली.

"घेऊन जा तिला, भाबी," ती म्हणाली. "मी बोलावलं नव्हतं हो."

भाबीने बिजलीकडे बघितलं. बिजलीने एक डोळा उघडला, भाबीला ओळखलं आणि पुन्हा मिटला.

"राहू दे," भाबी म्हणाली. "गादी मऊ आहे. झोपायला कुणालाही इकडेच यावंसं वाटणार." मग पदर सारखा करत ती पुढे म्हणाली, "पण जेवेल माझ्याकडे. ते मी सोडायची नाही, आताच सांगून ठेवते."

समरीनने जरा विचार केला. मांजराबद्दल चाललेलं नाही हे तिलाही कळत होतं. "सकाळचं तुम्ही घाला," ती म्हणाली. "रात्रीचं मी घालीन. पण मला कालवण शिकवा, तुमच्यासारखं."

भाबीला सोपं नव्हतं ते. मसाला कधी टाकायचा, मासा कढईत कधी सोडायचा, कोकम किती, ह्यातच तर तिचं सगळं होतं. दिलं की गेलं. ती चौकटीला हात टेकून उभी राहिली, समरीनच्या वाढलेल्या पोटाकडे बघत, आणि तिचं मन एकदा इकडे आणि एकदा तिकडे झालं.

"रात्रीचं शिकवते," शेवटी ती म्हणाली. "सकाळचं माझ्यापाशी राहू दे."